नकाराचे मोल



क्रीडाक्षेत्रावर व्याख्यान म्हटले की एखाद्या विक्रमवीराची कथा ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहोत, त्यांचे नाव कोणत्याही विक्रमाच्या यादीत सापडणार नाही. झां-क्लोद गांगा हे आफ्रिकेतील काँगोचे. दोन काँगोंपैकी जो पूर्वी फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि ज्याची राजधानी ब्राझाव्हिल आहे, तो हा काँगो. गांगा प्रथम क्रीडासंघटक होते. पुढे ते आपल्या देशाचे चीनमधील राजदूत झाले, मंत्री झाले आणि १९८६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासदही झाले. त्याच समितीने १९९९ साली त्यांना काढून टाकले. ही चढण आणि ही घसरण एकाच माणसाची कशी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

आरंभ ब्राझाव्हिलपासूनच केला पाहिजे. आफ्रिकेत आफ्रिकी लोकांचे सामने भरवावेत, हा विचार ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबेर्तँ यांच्याही मनात होता. पण वसाहतवाल्या सत्तांना तो रुचला नाही आणि १९२९ साली अलेक्झांड्रियास व्हावयाचे सामने रद्द झाले. ते स्वप्न १९६५ च्या जुलैमध्ये ब्राझाव्हिल येथे साकार झाले. काँगोला स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. या सामन्यांतूनच पुढे आफ्रिकेची सर्वोच्च क्रीडा परिषद उभी राहिली. १९६६ च्या डिसेंबरात बामाको येथे तिची स्थापना झाली आणि गांगा तिचे सरचिटणीस झाले.

या परिषदेजवळ काय होते? पैसा नव्हता, मैदाने नव्हती, पदकेही बेताचीच होती. तिच्याजवळ एकच वस्तू होती, ती म्हणजे आपली हजेरी. ऑलिंपिकच्या ध्वजावरील पाच वर्तुळे ही जगाच्या पाच खंडांची खूण. त्यांतला एक खंड उठून गेला, तर त्या ध्वजाला अर्थ काय उरणार? गरिबाच्या हाती असलेले हे हत्यार गांगांनी ओळखले.

त्याचा पहिला प्रयोग १९६८ साली झाला. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेस १९६४ साली टोकियोला येऊ दिले नव्हते. १९६८ च्या फेब्रुवारीत समितीने तिला मेक्सिकोचे निमंत्रण पुन्हा देऊ केले. गोऱ्या-काळ्यांचा संघ एकत्र येईल, परंतु त्याची निवड मात्र मायदेशी वेगवेगळी होईल, अशी ही तडजोड होती. आपल्याकडे ज्यास पंक्तिप्रपंच म्हणतात, त्यातलाच हा प्रकार! आफ्रिकी परिषदेने ब्राझाव्हिल येथे बैठक घेऊन न येण्याचा निर्धार जाहीर केला. इतर देशही त्या सुरात सूर मिळवू लागले आणि एप्रिलमध्ये समितीला आपला निर्णय फिरवावा लागला. १९७० साली तर दक्षिण आफ्रिका ऑलिंपिक चळवळीतूनच बाहेर गेली.

हा वारा आपल्याकडेही पोहोचला होता. १९७४ साली पुण्यात सोव्हिएत संघास हरवून भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक चेंडूही न उडता प्रतिपक्षाकडे गेला. अमृतराज बंधूंच्या ऐन उमेदीच्या काळातील ही गोष्ट. अशा नकाराची किंमत कोण मोजतो, हे त्यावरून समजते.

ती किंमत १९७६ साली माँट्रियल येथे फार मोठी झाली. त्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच सुमारास न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूझीलंडला ऑलिंपिकमधून वगळावे, अशी आफ्रिकी देशांनी मागणी केली. रग्बी हा ऑलिंपिकमधील खेळ नव्हे, असे उत्तर मिळाले. तेव्हा पंचवीसहून अधिक देश बाहेर पडले. कित्येक खेळाडू माँट्रियलला उतरलेले होते; त्यांना सामान बांधून परतावे लागले. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील १९७२ चा विजेता, युगांडाचा जॉन अकी-बुआ, आपले पद राखण्यासाठी धावू शकला नाही. पंधराशे मीटरचा विक्रमवीर, टांझानियाचा फिल्बर्ट बायी, मैदानात नव्हता. ती शर्यत न्यूझीलंडच्या जॉन वॉकरने जिंकली. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुलाच्या प्रमुखांनी ग्लेनईगल्स येथे वर्णभेदी देशाशी क्रीडासंबंध ठेवू नयेत असा करार केला, हे या त्यागाचे फळ. पण खेळाडूंची गेलेली वर्षे कोण परत देणार?

आता उत्तरार्ध. १९८९ पासून गांगा आफ्रिकेच्या ऑलिंपिक समित्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. ज्या दारापुढे उभे राहून त्यांनी नकार दिला होता, त्या दाराच्या आत आता त्यांना मानाचे आसन होते. २००२ चे हिवाळी ऑलिंपिक आपल्या गावी व्हावे म्हणून अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या चालकांनी सभासदांवर भेटींचा वर्षाव केला. १९९८ च्या अखेरीस हे प्रकरण फुटले. गांगा व त्यांचे कुटुंबीय यांचे प्रवास, औषधोपचार आणि इतर लाभ मिळून रक्कम दोन लाख डॉलरांच्या वर गेल्याचे चौकशीत दिसले. आपण काही गैर केले, हे गांगांनी मान्य केले नाही. तरी १९९९ च्या मार्चमध्ये त्यांच्यासह सहा सभासदांना काढण्यात आले.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. देणाऱ्या दोघा प्रमुख चालकांवरील खटला २००३ साली न्यायालयात टिकला नाही, ते सुटले. खेळही सॉल्ट लेक सिटीलाच झाले. घेणारे गेले आणि देणारे राहिले, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि एवढ्याने गांगांचा हिशेब फिटत नाही. त्यांनी अकी-बुआसारख्यांकडून आयुष्यातली मोठी संधी मागून घेतली होती. दुसऱ्याला एवढे सोडावयास सांगणाऱ्याने स्वतः पाहुणचारालाही नाही म्हणावयास शिकले पाहिजे. भेटीने माणूस विकला जातोच असे नाही, पण तो मिंधा होतो. आणि मिंध्याचा नकार कोणी मानीत नाही.

तेव्हा गांगांचे पूर्वायुष्य खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. १९९२ साली बार्सिलोना येथे इथिओपियाची देरार्तू तुलू आणि दक्षिण आफ्रिकेची गोरी एलाना मेयर यांनी दहा हजार मीटरची शर्यत संपताच हातात हात घालून मैदानाला फेरी मारली. त्या फेरीमागे नकाराची ती सारी वर्षे होती. ते श्रेय गांगांकडून काढून घेता येणार नाही, आणि त्या श्रेयाने पुढचा डागही पुसता येणार नाही. आपल्याकडील लहानमोठ्या क्रीडासंस्थांच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती.