मुलांचे खेळ आणि त्यांची परिभाषा

हुपरीतील चांदीकारागिराच्या घरी पैंजण, जोडवी, वाळे यांस कोणी सरसकट ‘दागिना’ म्हणून भागवीत नाही. मुलाच्या हातातील खेळांना मात्र त्याच घरात एकच नाव असते : ‘मोबाइल’. कलहाचे बीज पुष्कळदा येथेच असते.

‘माइनक्राफ्ट’ हा रचनेचा खेळ. एकट्याने खेळताना तो हवा तेथे थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालविता येतो. ‘बीजीएमआय’ची जात निराळी. तो ‘बॅटल रॉयल’, म्हणजे अखेरपर्यंत तगेल तो विजयी, असा रणखेळ होय. शंभरापर्यंत खेळाडू एकाच रणांगणात उतरतात; डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि त्यास मध्ये विराम नाही. ‘स्क्वाड’ म्हणजे चौघांची तुकडी. जेवणाची हाक ऐकून एक उठला, की उरलेले तिघे उघडे पडतात. ‘एवढा डाव संपू दे’ हे मुलाचे उत्तर म्हणूनच दर वेळी उद्धटपणाचे नसते. हाक डाव मांडण्यापूर्वी द्यावी. मग मात्र सबब ऐकू नये.

‘स्किन’ म्हणजे पात्राचा अथवा शस्त्राचा साज. त्याने नेम सुधारत नाही, पैसा मात्र खराखुरा जातो. चांदीची तूट गुंजेगुंजेने पाहणाऱ्या वडिलांस हा हिशेब अवघड नाही. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ याहून वेगळे. त्यांस २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे.