मंत्र म्हणू या, न बिचकता

ऋषिपंचमीला पहाटे पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. आपल्याकडंही गटानं म्हणायचं ठरलं की काही जणी मागं सरतात. "आमची अहिराणी जीभ, चुकलं तर?" म्हणतात.

अहिराणीत आपण 'पानी', 'कोन' म्हणतो. ती आपल्या बोलीची रीत आहे, दोष नाही. संस्कृतची रीत निराळी, ती शिकता येते. 'न' म्हणताना जीभ दातांमागं टेकते. 'गणपतये'मधल्या 'ण'साठी जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावा. दोन्ही आलटून पालटून म्हणा.

'च' आणि 'ज' चाक-जात्यातले नकोत, चंद्र-जन्मातले हवेत. इथं तर पुस्तकी मराठी बोलणारेही चुकतात! 'नमः'च्या शेवटी हलका 'ह' येतो. ऱ्हस्व अक्षराला एक टाळी, दीर्घाला दोन.

खुद्द अथर्वशीर्षातच 'गं' कसा म्हणायचा ते सांगितलंय: आधी ग, मग अ, शेवटी अनुस्वार. म्हणजे उच्चार सगळ्यांनाच शिकावा लागतो.

रोज दोनच ओळी घ्या. जाणकार एकीनं सावकाश म्हणावं, बाकीच्यांनी मागून. मोबाइलवर रेकॉर्ड करून आपलंच ऐका. वाचता येत नाही म्हणून अडू नका. वेदसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या कानानंच शिकले गेले, आणि आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना तरी कुठं लिहिता-वाचता येत होतं?

तेव्हा मागं बसलेल्या मैत्रिणीला हात धरून पुढं आणा. चूक सांगा, पण हसू नका.