फोन आपला, जबाबदारीबी आपली
(पातूरच्या बैठकीतलं बोलणं)



आपल्या वनहक्काच्या दाव्याची बातमी पेपरात येत नाही, ही आपली तक्रार. पण आता फोन आपल्या हातात हाय. छत्तीसगडात २०१० पासून 'सीजीनेट स्वरा'वर आदिवासी फोन करून गोंडीत आपली बातमी सांगतात. ती तपासून मंगच सगळ्याईले ऐकवतात.

तपासलं नाही त काय होते? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारे आले, अशी फोनवर अफवा. भिक्षा मागणारे पाच भटके जिवानं गेले. मारणारे आपल्यासारखेच गावकरी होते.

म्हणून कोणी नांगर अडवला त फोटो काढा, तारीख लिहा, साक्षीदार घ्या. डोयानं पाहिलं तेच पाठवा. ऐकलेलं आधी ग्रामसभेत विचारा. एक खोटी बातमी गेली, त आपले खरे दावेबी खोटे ठरवतीन.