आवडलं, पण ऐकलं का?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण याच सभागृहात एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकला. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकन बँडचा, बँडच्याच नावाने निघालेला पहिला अल्बम. दहा गाणी, पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ. रॉकची गिटार आणि त्यावर रॅप. शब्द छापून आधीच वाटले होते. शेवटी प्रत्येकाने नाव न लिहिता आपलं मत कागदावर दिलं. एकेचाळीस कागद जमले. ते मी रात्री वाचले आणि तयार करून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. आज या कागदांबद्दलच बोलतो.

सगळ्यात जास्त कागदांवर गिटारचं कौतुक आहे. टॉम मोरेलोने काढलेले आवाज अनेकांना कॉम्प्युटरचे वाटले. अल्बमसोबतच्या मजकुरात मुद्दाम छापलं आहे की यात सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही. तेव्हा ते कौतुक रास्तच आहे. पण एका कागदावर पुढे लिहिलंय, "राजकारण वगळलं असतं तर अल्बम आणखी भारी झाला असता."

ज्याने हे लिहिलं त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याच्या सोबतीला मोठी माणसं आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते पॉल रायन. गरिबांसाठीच्या योजनांवरचा सरकारी खर्च कापावा, असं मांडणारे नेते. त्यांच्या आवडत्या बँडमध्ये हाच बँड होता! तेव्हा मोरेलोने 'रोलिंग स्टोन' मासिकात लेख लिहून सांगितलं की आमची गाणी ज्या यंत्राविरुद्ध आहेत, ते यंत्र म्हणजेच हे गृहस्थ. २०२० च्या निवडणुकीनंतर तर ट्रम्प यांचे समर्थक 'किलिंग इन द नेम' या गाण्यावर रस्त्यात नाचताना दिसले. पोलिसांमधल्या वर्णद्वेषावर थेट बोट ठेवणारं ते गाणं. पाय ठेक्यावर पडत होते, पण शब्द कोणाच्या कानात शिरले होते?

इथपर्यंत हसता येतं. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

ग्वांतानामोचा तुरुंग २००२ च्या जानेवारीत सुरू झाला. तिथे सुमारे ७८० माणसं कोंडली गेली, सगळी मुसलमान, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कधी खटलासुद्धा चालला नाही. कैद्यांना झोपू न देण्यासाठी, त्यांचं मन मोडण्यासाठी तिथे कानठळ्या बसतील अशा आवाजात संगीत लावलं जायचं. ज्यांची गाणी यासाठी वापरली गेली म्हणून सांगितलं जातं, त्यांत या बँडचंही नाव आहे. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग महोत्सवात हे चौघे ग्वांतानामोच्या कैद्यांसारखे नारिंगी कपडे घालून, डोक्यावर काळे बुरखे ओढून स्टेजवर उभे राहिले. २००९ मध्ये मोरेलो आणि इतर काही संगीतकारांनी मागणी केली की कोणाचं संगीत, कसं वापरलं, याची सरकारी कागदपत्रं खुली करा.

जुलमाविरुद्ध लिहिलेलं गाणं जुलमाचं हत्यार कसं बनलं, याचा विचार करा. शब्द काढून घेतले की उरतो फक्त आवाज, आणि आवाज कोणाच्याही हातात जातो. म्हणून 'राजकारण वगळून' ऐकणं मला निरुपद्रवी वाटत नाही.

आता दुसरं मत. "कंपन्यांच्या विरोधात ओरडायचं आणि रेकॉर्ड मात्र सोनीच्या कंपनीतून काढायची, हे ढोंग नाही का?" आक्षेप खरा आहे. त्याला एक गमतीदार दाखलाही आहे. २००९ च्या नाताळात ब्रिटनमधल्या श्रोत्यांनी मोहीम काढली, टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या विजेत्याचं गाणं मागे टाकून 'किलिंग इन द नेम' पहिल्या क्रमांकावर आणलं. पाच लाखांवर प्रती विकल्या गेल्या. आणि दोन्ही गाणी सोनीच्याच घरची होती! पण त्याच मोहिमेत बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' या संस्थेसाठी पैसा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी बँडने लंडनमध्ये मोफत कार्यक्रम केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही मांडूनच मत बनवा. कोणाच्या कपड्याला एक डाग दिसला की त्याचं सगळं म्हणणं मोडीत काढायची सवय आपल्यालाही लागली आहे. त्यात एक सोय असते. बोलणाराच खोटा ठरला की आपल्याला काही करावं लागत नाही.

तिसरा कागद तसाच वाचून दाखवतो. "काल शेवटच्या ओळीला सगळी मुलं हात वर करून ओरडत होती, कोणाचा हुकूम मानणार नाही म्हणून. मला पुण्याला शिकायला जायचंय. भाईजान नको म्हणतो. माझा भाईजान इथे असता तर तोही असाच ओरडला असता."

(सभागृहात शांतता.)

यावर भाषण देण्याचा अधिकार मला नाही. मुलांना एवढंच विचारतो, काल हात वर करताना तुमच्या डोळ्यांसमोर हुकूम देणारा कोण होता? पोलीस, सरकार, अमेरिका? त्या रांगेत आपण स्वतः कुठे उभे होतो का? या बहिणीने अल्बम आपल्या सगळ्यांपेक्षा नीट ऐकला. तो तिला थेट तिच्या घराच्या दारापर्यंत घेऊन गेला.

चौथं मत बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय. "पोलिसांवरचं गाणं ऐकून मुंबईची दंगल आठवली." तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा आहे, तरी ती आठवते, कारण घराघरांत ती सांगितली गेली. हा अल्बम नोव्हेंबर १९९२ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस पेटलं होतं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी मारताना कॅमेऱ्याने टिपलं होतं, तरी ज्युरीने त्या पोलिसांना दोषी ठरवलं नाही. पन्नासहून अधिक माणसं त्या दंगलीत मेली. आणि अल्बम आल्यावर महिन्याभरातच आपल्याकडे डिसेंबर उजाडला.

तेव्हा तुम्हाला आठवण झाली यात नवल नाही. पण त्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९८ मध्ये अहवाल आला. त्यात ठाण्यांची नावं आहेत, तारखा आहेत, कोणत्या पोलिसाने काय केलं तेही आहे. इथे तो किती जणांनी वाचलाय? हात वर करा.

दोन.

मी रागवत नाही. माझ्या वयाच्या लोकांचा हिशेब केला तर तोही याहून बरा निघणार नाही. पण काल ओरडायला वर गेलेले हात आणि आत्ता वर आलेले हात, यांतला फरक प्रत्येकाने मनाशी ठेवावा. नाव-गाव नसलेला राग रॉकच्या कार्यक्रमात चालतो, निवडणुकीच्या सभेतही चालतो, आणि त्याचा फायदा भलताच माणूस घेतो. तारीख माहीत असलेल्या, कागद वाचलेल्या माणसाला फिरवणं अवघड असतं.

शेवटचा कागद. त्यावर मत नाही, एकच प्रश्न आहे. "कव्हरवर जळणारा माणूस कोण आहे?"

ते थिक क्वांग डुक, व्हिएतनाममधले बौद्ध भिक्खू. तिथलं सरकार बौद्धांशी भेदभाव करत होतं, म्हणून ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर चौकात त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. फोटो माल्कम ब्राउन या पत्रकाराने काढला. जीव देण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. पण एकेचाळीस जणांच्या हातात ते चित्र गेलं आणि विचारलं एकाने. ते आपल्या कौमचे नव्हते, आपल्या देशाचे नव्हते. तरी त्या एकाला जाणून घ्यावंसं वाटलं. माझ्या मते श्रोता तो.

दुपारच्या गटांना म्हणून एक काम देतो. प्रत्येक गटाने एक गाणं घ्यायचं आणि ते कोणाबद्दल आहे ते शोधायचं. 'फ्रीडम' ज्यांच्याकडे येईल त्यांनी लिओनार्ड पेल्टियर या मूळनिवासी कार्यकर्त्याचा खटला वाचा, बाजू दोन्हीकडच्या वाचा. एका गटाला गाणं मिळणार नाही, त्यांनी श्रीकृष्ण अहवालाचं एक प्रकरण घ्यावं. आणि तिसरा कागद जिने लिहिला, तिला पुण्यातल्या वसतिगृहांची, शिष्यवृत्त्यांची माहिती हवी असेल तर चहाच्या सुट्टीत आमच्या कार्यकर्त्या ताई दाराशीच बसल्या आहेत. नाव सांगायची गरज नाही.

संध्याकाळी आपण अल्बम पुन्हा लावू. मतं पुन्हा लिहून घेऊ.