लांकडांत कोरलेली लढाई

बुद्धिबळांचा पट ही लढाईच. पण ती कोणाची कोणाशीं, हें साधे मोहरे सांगत नाहींत. काळे आणि पांढरे, एवढीच त्यांची ओळख. कारागीर मोहऱ्याला चेहरा, पागोटें आणि हत्यार देतो, तेव्हां पक्षांना नांवें मिळतात.

बंगालमध्यें मुर्शिदाबाद व बहरामपूर येथील कारागीर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असे मोहरे कोरीत. एका बाजूस कंपनी सरकारची फौज, दुसऱ्या बाजूस देशी राजा. राजे अंबारींत बसलेले, आणि कंपनीच्या प्याद्यांच्या हातीं बंदुका. १७५७ सालीं नबाब सिराजउद्दौल्याचें राज्य जेथें बुडालें, तें प्लासीचें रणांगण बहरामपूरच्या दक्षिणेस फार दूर नाहीं. गिऱ्हाईक बहुधा गोरा साहेब असे, तरी कोरणी देशी हातांत होती. आणि त्या हातानें जिंकलेला व हरलेला सारख्याच निगुतीनें घडविला.

ते मोहरे हस्तिदंताचे. १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा आणि त्याच्या १९८६ व १९९१ सालच्या दुरुस्त्या यांनीं तो व्यापार टप्प्याटप्प्यानें बंद झाला, आणि अमृतसरच्या हस्तिदंती कारागिरांचा हात लांकडाकडे वळला. साधा संच बराचसा चरकावर होतो. कातारी लांकूड फिरवून राजा, वजीर, प्यादीं उतरवितो. घोडा मात्र चरकावर उतरत नाहीं. त्याची मान, आयाळ, नाकपुड्या हातानेंच कोराव्या लागतात. म्हणून जाणता मनुष्य संचाची पारख घोड्यावरून करतो. ऐतिहासिक संचांत तर बत्तीसही मोहरे घोड्याच्याच पंक्तीचे. लांकडाच्या रेषेविरुद्ध पटाशी गेली, कीं भाल्याचें टोंक उडतें आणि मोहरा फुकट जातो.

अशा मोहऱ्यांत एक दोष आहे. राजा कोणता, वजीर कोणता, हें ओळखतांना खेळणारा गोंधळतो. म्हणून १८४९ सालीं लंडनमध्यें विक्रीस आलेला सुटसुटीत स्टॉन्टन नमुना स्पर्धांत रूढ झाला, आणि हे नक्षीदार संच कांचेच्या कपाटांत गेले.

कपाटांत प्लासीचा निकाल १७५७ चाच राहतो. पटावर मात्र दोन्ही पक्षांस सोळा-सोळा मोहरे मिळतात. मीर जाफरासारखा स्वस्थ उभा राहणारा सेनापति तेथें नसतो. जो तो आपल्याच राजासाठीं चालतो. नबाबाकडून बसलेल्या पोरानें नीट विचार करून चाल केली, तर नबाब जिंकतो! असा संच ज्याच्या घरीं असेल, त्यानें तो वर्षांतून एकदां तरी कपाटांतून काढून पटावर मांडावा.