विंडोज मारायच्या आधी

आज लॅपटॉप चालू न होणं आणि झाकण लावल्यावर तो नीट न झोपणं, या दोन तक्रारींवर बोलू. आमच्या घरी एकीतून दुसरी निघाली, म्हणून ती गोष्टच सांगतो.

19 जुलै 2024, शुक्रवार. दुपारी केज तालुक्यातल्या आमच्या गावाहून अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे चुलत भाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, गावात सेवा केंद्र चालवतात. म्हणाले, "बापू, लॅपटॉप चालू होईना. निळं आलंय. टीव्हीवर दाखवायलेत तेच ना हे?"

त्या दिवशी टीव्हीवर खरंच तेच चाललं होतं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक चुकीची फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9.39 ला जगभर गेली. 10.57 ला ती मागे घेतली, पण तेवढ्या वेळात साधारण 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन बसली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. पण ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या विकत घेऊन बसवतात. केजजवळच्या सेवा केंद्रात ते कुठून येणार? मी म्हणलं, "अण्णा, ते आपलं नाही. पडद्यावर अक्षरं काय आहेत, तेवढी वाचा."

त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. आधी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग 'युवर पीसी डिड नॉट स्टार्ट करेक्टली'. रिस्टार्ट केलं की परत तेच.

आता त्यात काय अडकलं होतं ते ऐका. खरिपाचा पीक विमा चालू होता, शेतकऱ्याला एक रुपयात. मुदत वाढून 31 जुलै झाली होती. केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. अण्णांच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये दोनेकशे शेतकऱ्यांचे सातबारे, पासबुकं, पीकपेऱ्याची घोषणापत्रं आणि भरलेल्या अर्जांच्या पावत्या. बॅकअप? नाव काढू नका. तालुक्याच्या दुकानदाराने फोनवरच सांगितलं होतं, "विंडोज मारून देतो, पाचशे रुपये, तासाभरात." अण्णा गाडीला किक मारायच्या बेतात होते. मी म्हणलं, थांबा.

विंडोज मारणं चूक आहे असं नाही. पण तो शेवटचा उपाय. लॅपटॉप 'चालू होत नाही' म्हणजे नेमका कुठं थांबतो, हे आधी बघायचं. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर प्रश्न विजेचा. चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून परत बघा. गंमत वाटेल, पण अनेकदा एवढ्यावर भागतं. कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं काही येतं, तर मशीनला डिस्कच दिसत नाही. तेव्हा चालू करताना एफ2 किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये जायचं आणि यादीत डिस्कचं नाव आहे का ते बघायचं. नाव नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा मेलीय. अशा वेळी विंडोज मारणार तरी कशावर?

अण्णांचा लॅपटॉप याच्या पुढे जात होता. डिस्क दिसत होती, विंडोज अर्धवट उठून पडत होतं. अशा वेळी तुमच्या फाइल्स बहुतेक जागेवर असतात.

मग त्या पडलेल्या विंडोजमधूनच फाइल्स बाहेर काढायच्या. रिपेअरच्या निळ्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', परत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', तिथं 'कमांड प्रॉम्प्ट'. काळी खिडकी उघडली की 'नोटपॅड' टाइप करा, हो, आपलं साधं नोटपॅड. त्यात फाइल, ओपन. खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता समोर अख्खी डिस्क दिसते. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. कॉपी किती झाली ते दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. हात लावायचा नाही, चहा प्यायला जायचं.

पण आमचं तिथंच घोडं अडलं. कमांड प्रॉम्प्ट उघडायच्या आधी पडदा म्हणाला, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. 48 आकडे.

अण्णा म्हणाले, "मी असलं काही लावलेलंच नाही." खरंय, त्यांनी नव्हतं लावलं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि चावी त्या अकाउंटात जाऊन बसते. चोराने डिस्क काढून नेली तर त्याला काही मिळू नये म्हणून. पण हेच कुलूप असताना विंडोज मारलं, की फाइल्स परत आणणारं कुठलंही सॉफ्टवेअर काही कामाचं नाही. दुकानदार दोनेकशे शेतकऱ्यांचे कागद तासाभरात कायमचे घालवणार होता. त्यात त्याचा दोष नाही, गिऱ्हाईक 'चालू करून द्या' म्हणतं आणि तो चालू करून देतो.

मग प्रश्न, अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा सगळं सेटिंग पुतण्याने केलं होतं, स्वतःच्या ईमेलवर. पुतण्या लातूरला नीटच्या क्लासला, आणि हॉस्टेलवर मोबाईल फक्त रविवारी हातात देतात. वॉर्डनला फोन करून बघितला. "घरी कुणी आजारी आहे का?" "नाही, लॅपटॉप आजारी आहे." नाही दिला मोबाईल. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ अण्णांनी केंद्राला कुलूप लावलं नाही. शेजारच्या पोराचा जुना लॅपटॉप आणून बसले, पण येईल त्याला "तुझा अर्ज भरलाय, पावती नंतर देतो" म्हणताना त्यांचा आवाज फोनवरही बारीक वाटत होता. एकाने तर तोंडावर विचारलं म्हणे, भरलाय ना नक्की?

रविवारी पुतण्याच्या मोबाईलवर कोड आला, अकाउंट उघडलं. त्यात त्याच्या नावावर दोन मशीनच्या चाव्या होत्या. कुठली आपली? लॅपटॉपच्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची. जुळली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, मी पुण्यातून वाचतोय, अण्णा टाकतायत. तिसऱ्या प्रयत्नात कुलूप उघडलं. फोल्डर जागेवर होता. आधी पेनड्राइव्हवर कॉपी, मगच दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नका. दुरुस्तीला 'चेक डिस्क' चालवलं: सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ. तिथं सी ड्राइव्हचं अक्षर कधी बदललेलं असतं, म्हणून नोटपॅडमध्येच आधी खात्री करून घ्या. पाऊण तास लागला, लॅपटॉप उठला. गुरुवारी रात्री केलेले नऊ स्कॅन शून्य केबीचे निघाले. ते नऊ लोक परत बोलावले.

आता हे झालं कशाने? माझ्या मते झोपेमुळे. लॅपटॉपच्या, माझ्या नाही.

अण्णा रोज रात्री झाकण लावून घरी जायचे. जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण लावलं की फक्त रॅमला वीज मिळायची, बाकी सगळं बंद. त्याला एस थ्री म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याजागी मॉडर्न स्टँडबाय आलंय. मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं राहतं, मधूनमधून नेट बघतं, अपडेटला हात घालतं. सॅकमधून काढल्यावर लॅपटॉप तापलेला लागतो, सकाळी बॅटरी निम्मी असते, ते याच्यामुळे. तुमच्याकडे कुठली झोप आहे बघायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करा: पॉवर शब्दाला जोडून सी-एफ-जी, स्पेस, स्लॅश ए. त्याच जागी 'ए'ऐवजी 'स्लीपस्टडी' टाकलं तर कुणी बॅटरी खाल्ली त्याचा अख्खा अहवाल निघतो, त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'बॅटरीरिपोर्ट' टाकलं तर बॅटरी नवी असताना किती धरायची आणि आज किती धरते ते कळतं. अण्णांची चौथा हिस्सासुद्धा धरत नव्हती.

आता जुळवा. जुलैचा महिना, वारा-वावदान, गावात रात्री लाईट जाते-येते. लॅपटॉप अर्धवट जागा, बॅटरी मेल्यात जमा. विंडोजला वाटतं अजून पंधरा टक्के आहे, आणि मशीन फट्‌कन बंद. असं महिनाभर रोज रात्री. एखाद्या रात्री डिस्कवर लिहिणं चालू असताना झालं की संपलं.

उपाय फुकटचा आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज', तिथं स्लीपऐवजी हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, लाईट गेली तरी फरक नाही. उठायला थोडा वेळ जास्त लागतो, लागू द्या. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तीच पॉवर-सीएफजी कमांड, पुढे स्लॅश एच, स्पेस, ऑन.

जाता जाता एक. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर तुमचं 'शटडाऊन' हेही पूर्ण बंद नसतं, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच परत येतो. म्हणून प्रिंटर किंवा वायफाय रुसलं तर शटडाऊन करून चालू करण्यापेक्षा 'रिस्टार्ट' जास्त कामाचं. आणि केंद्रात जुना डेस्कटॉप असेल, रोज सकाळी तारीख चुकीची दाखवत असेल, सरकारी पोर्टल उघडायला नकार देत असेल, तर नेटवाल्याला शिव्या देऊ नका. आतला सीआर2032 नावाचा बटणासारखा सेल संपलाय, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

अण्णांनी नवी बॅटरी टाकली, अकाउंट स्वतःच्या ईमेलवर केलं आणि फोल्डर रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतात. ते 48 आकडे कागदावर लिहून घरच्या कपाटात, जमिनीच्या फायलीत ठेवलेत. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवणार होते, ते मी हाणून पाडलं.

पुढच्या भागात प्रिंटर. त्याच्यावर बोलायला मला जरा हिंमत गोळा करावी लागेल.