कीबोर्डवरील मुद्रण आणि वाजविणाऱ्याची मजुरी



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो बोनस आणि प्रॉव्हिडंट फंडावर बोलणार, असे लोक धरून चालतात. चिटणीसांचीही तीच अपेक्षा होती. मी विषय कळविला तो कीबोर्डवर वाजविलेल्या संगीताच्या मुद्रणाचा. मला स्वरज्ञान जेमतेम आहे. परंतु मजुरी कशाची द्यावयाची आणि किती वेळा द्यावयाची, हा प्रश्न मला तीस वर्षे ओळखीचा आहे. आणि आज तो आपल्या जिल्ह्यात नमनाच्या रंगमंचावर येऊन उभा राहिला आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. तबकडीवर किंवा टेपवर मुद्रण होते ते आवाजाचे. कीबोर्डमध्ये आणखी एक प्रकार असतो, आणि त्यात आवाज मुळीच साठविला जात नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढ्याचीच नोंद होते. जोरासाठी शून्यापासून १२७ पर्यंतचा आकडा असतो. या नोंदीची भाषा 'मिडी'. अमेरिकेतल्या आणि जपानातल्या कारखानदारांनी ती १९८३ साली एकमताने ठरविली आणि वापरण्याबद्दल कोणाकडून पैसे घेतले नाहीत. कारखानदार असे वागल्याचे मी फार थोड्या वेळा वाचले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पुढे ती नोंद यंत्राला दिली, की तीच बोटे, तोच ठेहराव, तीच घाई पुन्हा हजर होते. स्वर चढवा, लय उतरवा, बासरीच्या जागी सनई घाला. वाजविणाऱ्याला विचारावे लागत नाही.

आपल्या काजूच्या कारखान्यांतल्या बायकांचे उदाहरण घ्या. काजू फोडणाऱ्या बाईच्या हाताची हालचाल टिपून ठेवता आली, आणि उद्यापासून तीच हालचाल तिच्यावाचून काजू फोडू लागली, तर तिला आजची किलोमागची मजुरी देऊन भागेल काय?

हा तंटा मिडीहून पुष्कळ जुना आहे. छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघर गेले. जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने १९०४ साली अशी युक्ती काढली, की वादकाच्या बोटांचा हलकेपणा आणि जोरही कागदावर उतरावा. अमेरिकेत संगीताचे प्रकाशक कोर्टात गेले. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही गुंडाळी माणसाला वाचता येत नाही, सबब ती संगीताची नक्कल नव्हे. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि गुंडाळीमागे दोन सेंट ठरले. ते रचनाकाराच्या हक्कापोटी. ज्याची बोटे कागदावर उतरली होती, त्याला त्यात काहीच नव्हते!

तिथल्या वादकांची संघटना मात्र गप्प बसली नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून तिने मुद्रणावर बहिष्कार घातला. तबकडी जितकी वाजेल तितके जिवंत वादक घरी बसतील, असे तिचे म्हणणे होते. मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत जाऊ लागली, आणि त्यातून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम होऊ लागले. सव्वादोन वर्षांचा संप! आमच्याकडे सव्वादोन आठवडे टिकविताना काय होते, ते मला विचारा.

आपल्याकडे पेटीवाल्यांचा रोजगार तर यंत्रावाचूनच गेला होता. रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते.

यंत्राशी माझे वैर नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत साथीला वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दोनतीन जपानी यंत्रे जोडून दहा रागांची तबकडी केली. त्या वेळी ती फारशी कोणी विचारली नाही. २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा परदेशांत तिचे नाव झाले, आणि उतारवयात त्यांना तिकडे मैफलींची बोलावणी आली. एका माणसाने वाद्यवृंदाचे काम केले खरे, पण बोटे त्यांची होती आणि वेष्टनावर नावही त्यांचेच होते.

आता घरची गोष्ट. कीबोर्ड वाजविणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे नाव सांगत नाही, मंडळाचेही नाही. तालमीला सोपे जावे म्हणून मंडळाने हंगामापूर्वी सगळी गाणी त्याच्याकडून एका बैठकीत भरून घेतली आणि एका प्रयोगाची बिदागी दिली. पुढे प्रयोग लागले. मंचावर कीबोर्ड होता, त्यामागे एक शिकाऊ मुलगा होता, आणि वाजत होती ती ह्याची बोटे. मी मंडळाचेही ऐकून घेतले. टेम्पोचे भाडे वाढले, सुपारी वाढत नाही, हे खोटे नव्हते. मंडळातली निम्मी माणसे दिवसा आंब्याच्या बागांत मजुरी करतात. त्यांना भांडवलदार कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? म्हणूनच हा तंटा मला कारखान्यातल्या तंट्याहून अवघड वाटला. अखेर प्रयोगामागे बिदागीचा चौथा हिस्सा त्याला द्यावा, असे ठरले.

मृदंगवाल्याची तक्रार निराळीच होती. गौळणीत मावशीला हशा मिळाला आणि तिने दोन वाक्ये वाढविली, तर वाजविणारा माणूस तिच्यासाठी थांबतो. नोंद थांबत नाही. मग सगळ्यांनी यंत्रामागे धावावयाचे.

कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने वाढला. तो दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांचीच धरतात. पण त्याच कायद्यात ध्वनिमुद्रण म्हणजे आवाजाचे मुद्रण, अशी व्याख्या आहे, आणि या नोंदीत तर आवाजच नाही. १९०८ च्या गुंडाळीसारखाच वाद इथेही एखादा वकील उभा करील. म्हणून कोर्टाची वाट न पाहता कागदावरच स्पष्ट लिहावे, की आवाजाचे मुद्रण आणि बोटांची नोंद, दोन्ही या करारात येतात. नोंद कोणाच्या ताब्यात राहील, किती प्रयोगांना चालेल, प्रयोगामागे काय मिळेल, दुसऱ्या मंडळाला द्यावयाची झाल्यास कोणाला विचारावयाचे, आणि हस्तपत्रकावर वाजविणाऱ्याचे नाव येईल की नाही.

असा एकपानी मसुदा मी तयार केला आहे, आणि एका वकील मित्राने तो नजरेखालून घातला आहे. शंभर प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. वादकांनी घ्याव्यातच, पण मंडळांचे कारभारी आले असतील, तर त्यांनीही एकेक न्यावी.